पॅजेटचा स्तनविकार आणि महाराष्ट्रातील ऊतिसंशोधन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्तनाचा कर्करोग बहुधा गाठीच्या रूपाने प्रकट होतो. पॅजेटचा विकार यास अपवाद होय. शेकडा १ ते ४ रुग्णांत आढळणाऱ्या या प्रकारात स्तनाग्र लाल होते, खाजते, खपली धरते, त्यातून लस वाहते. साहजिकच ते इसब समजले जाते आणि मलमे लावण्यात महिने जातात. लंडनचे शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये अशा सुमारे १५ स्त्रियांची नोंद केली. त्यांना पुढे दोन वर्षांच्या आत स्तनाचा कर्करोग झाला होता. त्वचाविकार आधी व कर्करोग नंतर, असे पॅजेट मानत. सूक्ष्मदर्शकाने हा क्रम उलटा ठरविला. बाह्यत्वचेत विखुरलेल्या मोठ्या, फिकट पेशी मुळात दुग्धनलिकांतील कर्करोगाच्या असून त्या स्तनाग्राकडे सरकतात, हे मत याकोबेउस यांनी १९०४ मध्ये मांडले. आज तेच बहुमान्य आहे.

अर्थात, ऊती तपासली जाण्यापूर्वी स्त्रीने स्तन दाखवावयास हवा. कोल्हापूर संस्थानाने १८८६ मध्ये अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागासाठी डॉ. आनंदीबाई जोशी यांची नियुक्ती केली, तिचे महत्त्व या दृष्टीनेही आहे. दुर्दैवाने फेब्रुवारी १८८७ मध्ये, पदभार स्वीकारण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

दुसरी निकड होती कर्करोगास वाहिलेल्या प्रयोगशाळेची. मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी ती उभी केली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. रणदिवे यांच्या 'पद्मभूषण' सन्मानाचा (१९८२) उल्लेख सर्वत्र होतो. प्रबंधाचा विषय मात्र क्वचितच सांगितला जातो. स्तनकर्करोगास कमी-अधिक बळी पडणाऱ्या उंदरांच्या चार वाणांतील निरोगी स्तनग्रंथींच्या रचनेची त्यांनी तुलना केली. रोगाचा माग काढण्यासाठी निरोगी ऊतीकडे वळणे, ही दृष्टी त्या काळी असामान्यच म्हणावी लागेल. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा स्थापन केली आणि स्तनकर्करोगातील आनुवंशिकतेचा पाठपुरावा केला.

हे संशोधन पॅजेटच्या विकारावर नव्हते. परंतु ज्या सूक्ष्मदर्शकी शिस्तीवर त्या विकाराचे निदान अवलंबून असते, ती महाराष्ट्रात याच परंपरेने रुजविली. मलमाने न हटणाऱ्या स्तनाग्रावरील इसबाचा खरा उलगडा आजही काढलेल्या तुकड्याच्या काचपट्टीवरच होतो.