लॅमिनॅरिन
तपकिरी सागरी शैवलांत साठणारी बीटा-ग्लुकान प्रकारची बहुशर्करा, पीकसंरक्षणात उपयुक्त. मुख्यतः लॅमिनॅरिया डिजिटाटा या शैवलापासून ती काढतात. हे द्रव्य बुरशीला थेट मारत नाही. बुरशीच्या पेशीभित्तीतही अशीच बीटा-ग्लुकाने असल्याने, फवारणीनंतर वनस्पती हल्ला झाल्याप्रमाणे सावध होते आणि फायटोअलेक्झिने (रोगरोधक द्रव्ये) व संरक्षक प्रथिने तयार करू लागते. म्हणून फवारणी रोग दिसण्यापूर्वीच हवी. उशिराची बहुतांशी वाया जाते. गहू व स्ट्रॉबेरीवरील भुरी, सफरचंदावरील स्कॅब यांविरुद्ध युरोपात ते वापरतात. विषारी अवशेषांची चिंता जवळजवळ नाही, हे त्याचे खरे मोल. भारतात २०२१ पासून शैवल-अर्क खत नियंत्रण आदेशाखाली जैव-उत्तेजक म्हणून येतात, कीटकनाशक म्हणून नव्हे. त्यामुळे ‘शैवलाचे कीटकनाशक’ म्हणून बाटली विकत घेण्याआधी शेतकऱ्याने लेबल वाचावे.