हिजलीची धावपट्टी

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी टाटानगर सोडून पुढे निघाली की घाटशिला, धालभूमगड, चाकुलिया, झारग्राम अशी स्थानके लागतात आणि त्यानंतर येते खरगपूर. यांपैकी घाटशिला हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचित असते. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांचे घर तिथे होते आणि १९५० साली त्यांचे निधनही तिथेच झाले. चाकुलिया हे नाव मात्र त्याने बहुधा ऐकलेले नसते. ते ठाऊक असते विमानांच्या इतिहासात रमणाऱ्या वाचकाला, आणि त्या वाचकाला विभूतिभूषणांशी काही कर्तव्य नसते. एका लोहमार्गावरील, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या या दोन स्थानकांची आपल्या वाचनात कधी गाठ पडत नाही, ही गोष्ट मला बरेच दिवस अस्वस्थ करीत आली आहे.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि बंगाल ही एकाएकी युद्धाची सीमा झाली. कलकत्त्याच्या पश्चिमेकडील लाल मातीचा, सालवृक्षांचा, बऱ्यापैकी सपाट प्रदेश विमानतळांसाठी सोयीचा होता. बंगाल–नागपूर रेल्वे हाताशी होती, बंदरही फार लांब नव्हते. प्रारंभी ब्रिटिश व अमेरिकन बाँबफेकी विमानांसाठी आखलेल्या इथल्या काही धावपट्ट्या १९४३ च्या अखेरीस एका वेगळ्याच कामासाठी निवडण्यात आल्या. अमेरिकेचे नवे, प्रचंड आकाराचे ‘बी-२९ सुपरफोर्ट्रेस’ हे विमान अजून कोणत्याही रणांगणावर उतरलेले नव्हते. त्याचे पहिले घर ठरले खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा आणि दुधकुंडी. जुन्या धावपट्ट्या या विमानाला अपुऱ्या होत्या. त्या सुमारे साडेसात हजार फुटांपर्यंत वाढवायच्या होत्या, आणि तेही काही महिन्यांत.

योजनेचे नाव ‘मॅटरहॉर्न’. तिची रचना आज वाचताना हसावे की थक्क व्हावे, हे कळत नाही. विमाने राहणार बंगालमध्ये. जपानवर हल्ला करायचा तर हिमालय ओलांडून चीनमधील चेंगडूजवळच्या तळांवर जायचे, तिथे इंधन भरायचे आणि मग निघायचे. पण चेंगडूला इंधन होते कुठे? तेही याच विमानांनी बंगालमधून पाठीवर वाहून न्यायचे. म्हणजे एका हल्ल्याआधी अनेक खेपा, आणि नेलेल्या तेलापेक्षा वाटेत जाळलेलेच अधिक. त्यात या विमानाची इंजिने तापट. खरगपूरच्या मे महिन्यात ती पेट घेत. ५ जून १९४४ रोजी ९८ विमाने बँकॉकमधील मक्कासान रेल्वे कारखान्यावर निघाली, ही बी-२९ ची जगातील पहिली लढाऊ मोहीम. त्यानंतर दहाच दिवसांनी चेंगडूमार्गे जपानमधील यावाताच्या पोलाद कारखान्यावर पहिला हल्ला झाला. नुकसान नगण्य, गाजावाजा मात्र मोठा. ऑगस्टच्या अखेरीस कर्टिस लमे सूत्रे हाती घेण्यास आले. पुढल्या वर्षी टोकियो जाळणारे हेच सेनापती. मार्च–एप्रिल १९४५ मध्ये सारा पसारा पॅसिफिकमधील टिनियन बेटाकडे हलला. एकूण ४९ मोहिमांपैकी खुद्द जपानच्या मुख्य बेटांवरच्या होत्या अवघ्या नऊ.

इथवरची कथा विमानांच्या पुस्तकांत सापडते. पुढची सापडत नाही, किंवा एखाद्या ओळीत उरकली जाते. या सेनेचे मुख्यालय खरगपूरला होते, म्हणजे नेमके कुठे? तर हिजलीच्या बंदिवान छावणीच्या इमारतीत. अमेरिकन इतिहासकार ‘पूर्वीचा राजकीय तुरुंग’ एवढे म्हणून पुढे जातात. त्या तुरुंगात १६ सप्टेंबर १९३१ रोजी पहारेकऱ्यांनी निःशस्त्र राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त ठार झाले. त्यांचे मृतदेह ताब्यात घेण्यासाठी सुभाषचंद्र बोस तिथे आले आणि निषेधसभेसाठी रवींद्रनाथ वृद्धापकाळी, प्रकृती ठीक नसताना कलकत्त्याच्या मैदानात उभे राहिले. १९४२ मध्ये छावणी बंद झाली आणि तिच्या खोल्यांत नकाशे पसरले गेले. पुढे १९५१ साली याच वास्तूत देशातील पहिली आय.आय.टी. सुरू झाली. १९५६ च्या पदवीदान समारंभात नेहरूंनी तुरुंगाच्या जागी उभ्या राहिलेल्या या संस्थेकडे नव्या भारताचे चिन्ह म्हणून बोट दाखविले. इमारतीला आता हिजली शहीद भवन म्हणतात. तुरुंग आणि विद्यापीठ यांच्यामधली बाँबफेकीची पायरी त्या गौरवकथेत बसत नाही. ती गाळली गेली याचे मला नवल वाटत नाही. पण ती गाळल्यामुळे काय काय गळले, ते पाहिले पाहिजे.

ही धावपट्टी कोणत्या जिल्ह्यात वाढत होती? मिदनापूरमध्ये. सप्टेंबर १९४२ मध्ये तामलूकला मातंगिनी हाजरा तिरंगा हाती धरून गोळीला सामोऱ्या गेल्या तो जिल्हा. डिसेंबरात ताम्रलिप्त जातीय सरकार स्थापणारा जिल्हा. याच जिल्ह्यावर १६ ऑक्टोबर १९४२ रोजी चक्रीवादळ कोसळले. अधिकृत आकड्यानुसार सुमारे १४,५०० माणसे आणि १,९०,००० गुरे मेली. मग १९४३ चा दुष्काळ आला. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख ठरविला, नंतरचे अभ्यासक तो त्याच्या दुपटीपर्यंत नेतात. लष्करासाठी जमिनी रिकाम्या करवून घेतल्याने घरेदारे गमावलेल्या कुटुंबांची नोंदही याच आयोगाच्या अहवालात आहे.

धावपट्टी आणि दुष्काळ हे केवळ शेजारी नव्हते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये दाखविले, की बंगालमध्ये धान्य पूर्वीच्या मानाने फार कमी नव्हते. युद्धखर्चाने, त्यात लष्करी बांधकामही आले, एका वर्गाच्या हाती पैसा खेळू लागला, भाव चढले; आणि ज्यांचे उत्पन्न त्या प्रमाणात चढले नाही ते शेतमजूर, कोळी, कारागीर बाजारातून बाहेर फेकले गेले. बोटी जप्त करण्याच्या धोरणाने कोळ्यांचे साधनही गेले होते. सेन यांच्या विवेचनावर वाद झाले आहेत, पण हा मुद्दा मला अजून कोणी मोडीत काढलेला दिसत नाही. या धावपट्ट्यांवर सुमारे सहा हजार अमेरिकन सैनिक आणि सत्तावीस हजार भारतीय मजूर खपले, असे अमेरिकी वायुदलाचा अधिकृत इतिहास सांगतो. सहा हजारांच्या तुकड्यांचे क्रमांक मिळतात. सत्तावीस हजारांचे गावही मिळत नाही.

आता विभूतिभूषणांकडे वळतो. ‘अशनि संकेत’ ही त्यांची दुष्काळाची कादंबरी १९४४ पासून मासिकातून येऊ लागली. सत्यजित राय यांनी १९७३ साली तिच्यावर चित्रपट केला. चित्रपटाच्या आरंभीच्या दृश्यांत पाण्यात उतरलेल्या अनंगावरून विमानांचा थवा जातो. वर्गात आपण या विमानांना ‘येऊ घातलेल्या संकटाचे प्रतीक’ म्हणून मोकळे होतो. मीही शिकविताना तसे म्हटले आहे. एखादा उत्साही वाचक त्यांना बी-२९ म्हणेल. तेही चूक, कारण पहिले बी-२९ चाकुलियाला उतरले २ एप्रिल १९४४ रोजी आणि कथेचा काळ त्याच्या आधीचा आहे. पण प्रतीक म्हणणे ही अधिक मोठी चूक. ती विमाने संकटाची सूचना देत नाहीत, ती संकटाच्या कारणांपैकी एक आहेत. तांदळाचा भाव आणि आकाशातला आवाज यांचे नाते त्या गावाला कळत नाही. ते वाचकाला कळले पाहिजे.

नोव्हेंबर १९४३ मध्ये याच मिदनापूरमधून चित्रकार चित्तप्रसाद पायी हिंडले आणि जे दिसले ते शाईत उतरवून त्यांनी ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका केली. सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. चित्तप्रसाद नंतर मुंबईला आले आणि अंधेरीत त्यांनी आयुष्याचा मोठा भाग उपेक्षेत काढला. आपल्याच शहरातल्या या माणसाकडे मराठी समीक्षेने पुरेसे पाहिले असे मला म्हणवत नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये कलकत्त्याच्या रंगमंचावर विजन भट्टाचार्यांचे ‘नवान्न’ उभे राहिले, तेव्हा खरगपूरहून विमाने नित्य उडत होती. बेचाळीसचे आंदोलन, वादळ आणि भूक या नाटकात एकाच कुटुंबावर येतात. इतिहासाने ज्यांची वेगवेगळी प्रकरणे केली, ते नाटककाराने एका अंगणात आणले.

खरगपूरचा तळ ज्या सालुआत होता तिथे आज ईस्टर्न फ्रंटियर रायफल्सचे ठाणे आहे. शेजारचे कलाईकुंडा हे भारतीय वायुदलाचे मोठे केंद्र झाले, आणि दुधकुंडीवर त्याच्या वैमानिकांचा नेमबाजीचा सराव चालतो. एप्रिल २०२३ मध्ये कलाईकुंड्यातील संयुक्त सरावात अमेरिकेची बी-१ बाँबफेकी विमाने सहभागी झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी नव्या मैत्रीविषयी लिहिले. जुलै २०२४ मध्ये झारग्राम जिल्ह्यातील भुलनपूर गावात दुसऱ्या महायुद्धकाळातला म्हणून ओळखला गेलेला एक न फुटलेला बाँब सापडला. आसपासच्या लोकांना दूर नेऊन तो निकामी करण्यात आला.