मुख-दंत इजा आणि क्रीडा-इतिहास
जळगाव-धुळे परिसरातील महाविद्यालयांच्या क्रीडा अहवालांत विजयांची नोंद असते. फुटलेल्या ओठाची वा तुटलेल्या दाताची सहसा नसते. मोठ्या क्रीडा-इतिहासाची रीतही निराळी नाही. १९७६ च्या किंग्स्टन कसोटीत बडोद्याचे मराठी भाषक सलामीवीर अंशुमन गायकवाड यांच्या कानावर, तर ब्रिजेश पटेल यांच्या तोंडावर चेंडू आदळला. धावफलकावर उरले ते केवळ ‘जखमी निवृत्त’. १९८३ च्या सुमारास सुनील गावसकर यांनी कवटीपुरते कवच वापरले. चेहरा उघडाच राहिला. १९८९ मध्ये सियालकोटला सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरचे नाक रक्तबंबाळ झाले, तरी त्याने ५७ धावा केल्या. या धैर्याचे गौरवगान योग्यच. परंतु त्यातच इजेचा प्रश्न विरून गेला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वास्तविक लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ यांनी मुष्टियोद्ध्यांसाठी दंतरक्षक १८९० मध्येच तयार केला होता. आपल्याकडे कबड्डीत तो क्वचितच दिसतो. सायकलवरून पडणाऱ्या विद्यार्थ्याचा तर विचारच नाही. मुळासकट निखळलेला कायमचा दात, मुळाला स्पर्श न करता दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे नेल्यास पुन्हा बसविता येऊ शकतो, ही माहिती किती क्रीडा विभागांच्या भिंतीवर लावलेली आहे?