कागदी फुलांचे तोरण

कागदी फुलांचे तोरण म्हणजे रंगीत व नक्षीदार कागदांपासून हाताने केलेली फुले दोऱ्यात, तारेवर किंवा बांबूच्या कामटीवर बांधून तयार केलेली शोभेची रचना होय. दारावर आडवी बांधल्यास तिला तोरण म्हणतात. मूर्तीच्या मागे वर्तुळाकार किंवा कमानीसारखी उभी केल्यास ती प्रभावळ होते, आणि भोवती चौकट उभारल्यास मखर. 'पुष्पचक्र' हा शब्द मराठीत मुख्यतः श्रद्धांजलीशी जोडलेला असल्याने उत्सवातील वर्तुळाकार सजावटीसाठी तो सहसा वापरत नाहीत. महाराष्ट्रात ही सजावट प्रामुख्याने गणेशोत्सव, गौरीपूजन व दिवाळीत केली जाते.

कागद व कसबा पेठ

पुण्यातील सर्वांत जुनी वस्ती असलेली कसबा पेठ मुठा नदीच्या काठी वसली आहे. तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी या तेथील नावांवरून जुन्या कारागिरांच्या वस्त्यांची ओळख पटते. त्यांतच कागदीपुरा हे नाव आहे. कागदी म्हणजे कागद तयार करणारा कारागीर. हातकागदासाठी चिंध्या वा ताग कुटून लगदा करीत, तो पाण्यात कालवून साच्यावर उचलीत आणि वाळलेला ताव खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत. घोटल्यामुळे शाई फुटत नसे. सजावटीच्या चकचकीत कागदाला आजही 'घोटीव कागद' म्हणतात, तो मात्र यंत्रावर तयार होतो. हातकागदाची कला टिकावी यासाठी पुण्यात शिवाजीनगर येथे १९४० मध्ये हातकागद संस्था स्थापन झाली.

नक्षीदार कागदाचीही दख्खनमध्ये जुनी परंपरा आहे. पाण्यावर रंग तरंगवून त्यांची नक्षी कागदावर उतरवण्याच्या तंत्रास अबरी म्हणतात. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी या तंत्राने चित्रेही काढली. वह्या-पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर दिसणारा मार्बल कागद याच प्रकारचा होय.

साहित्य

फुलांसाठी क्रेप कागद, पतंगी कागद व घोटीव कागद, तर पाने व पार्श्वभूमीसाठी मार्बल कागद किंवा जाड कार्डशीट वापरतात. सांगाड्यासाठी बांबूच्या कामट्या, बांधण्यासाठी सुती दोरा व बारीक तार लागते. चिकटवण्यासाठी पूर्वी घरोघरी गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ शिजवीत. कीड लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असल्याने अशी खळ मुलांच्या हाती देत नाहीत.

कृती

सुमारे ३० सेंमी व्यासाच्या प्रभावळीचा परीघ ९४ सेंमी भरतो. सांध्यासाठी ६ सेंमी धरून एक मीटर लांबीची कामटी घेतात. ती पाण्यात भिजवून हळूहळू वाकवतात, टोके एकमेकांवर ठेवून दोऱ्याने घट्ट बांधतात व वाळल्यावर तिच्यावर कागदाची पट्टी गुंडाळतात.

झेंडूसाठी पतंगी कागदाची सुमारे ५ सेंमी रुंद पट्टी घेऊन एका कडेला बारीक, समांतर काप देतात. न कापलेली कड तारेभोवती गुंडाळून बांधतात व झालर बोटांनी मोकळी करतात. गुलाबासाठी क्रेप कागदाच्या पाकळ्या कापताना सुरकुत्या पाकळीच्या उंचीच्या दिशेने ठेवतात. त्यामुळे पाकळी मध्यभागी आडवी ताणून तिला खोलगटपणा देता येतो. सुरकुत्या आडव्या राहिल्या तर पाकळीला हा आकार येत नाही. मोठी फुले प्रथम बांधून मधल्या जागेत लहान फुले व पाने भरतात.

भाद्रपदातील दमट हवेत कागद मऊ पडतो आणि क्रेप कागद भिजल्यास त्याचा रंग ओघळतो. त्यामुळे अशी सजावट ओल्या भिंतीपासून व पाण्यापासून दूर ठेवतात. समई व निरांजनापासूनही ती पुरेशा अंतरावर असणे आवश्यक असते.

उत्सवांतील स्थान व बदल

कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत असून पुण्यातील मानाचा पहिला गणपती आहे. त्याचा सार्वजनिक उत्सव १८९३ पासून होतो. घरगुती गणपतीसाठी मात्र मखर घरीच करण्याची रीत होती. घरातील मोठी माणसे सांगाडा बांधीत आणि मुले फुले करीत. मोहरमचे ताबूत व लग्नातील बाशिंगे यांतही कागद व बेगड यांचा उपयोग होत आला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थर्माकोलची तयार मखरे व प्लॅस्टिकची फुले बाजारात आली. ती हलकी, स्वस्त व पाण्याने न बिघडणारी होती, पण हाच टिकाऊपणा उत्सवानंतर कचऱ्याचे कारण ठरला. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर निर्बंध घातले. त्यांत सजावटीच्या थर्माकोलचाही समावेश होता. गणेशोत्सवासाठी सवलत मिळावी ही थर्माकोल सजावटकारांची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये फेटाळली. त्यानंतर कागद व पुठ्ठ्याच्या सजावटीकडे पुन्हा लक्ष वळले.

कागदी दिसणारी प्रत्येक वस्तू मात्र निसर्गात विरून जात नाही. प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद, चमकी व धातूचा मुलामा यांमुळे पुनर्वापरात अडथळा येतो. साधा कागद, सुती दोरा, बांबू व पिठाची खळ एवढ्यावर केलेले तोरण मात्र विसर्जनानंतर सहज सुटे करता येते. त्याची कामटी पुढच्या वर्षी पुन्हा उपयोगी पडते, आणि फुले नव्याने करावी लागत असल्याने ती करण्याची कला घरात एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते.