पाणचक्की आणि आमचे खळे

औरंगाबादची (आजचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की मी प्रथम पाहिली ती मिलिंद महाविद्यालयात शिकत असताना. डोंगराकडून जमिनीखालच्या नहरीने आलेले पाणी नळातून उंच भिंतीवर चढते, तिथून खाली कोसळते. त्या माऱ्याने पात्यांचे आडवे चाक फिरते आणि वरचा दगड पीठ दळतो. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंना आणि फकिरांना या पिठाची भाकर मिळत असे. माणूस नाही, बैल नाही. पाणीच राबते आहे! मला आमच्या उमरीकडची आजी आणि तिचे जाते आठवले. आणि मनात प्रश्न उभा राहिला: दळण पाण्याला सांगता येते, तर मळणी का सांगितली गेली नाही?

हा प्रश्न पोरकट नाही. स्कॉटलंडमध्ये अँड्र्यू मीकल या गिरणी-कारागिराने १७८६ च्या सुमारास मळणीयंत्र उभे केले. फिरत्या पिंपावरच्या पट्ट्या कणसांना झोडपत आणि दाणे वेगळे होत. हे यंत्र घोड्यांवर चाले, तसे पाण्यावरही चाले. ओढा अडवून तळे करायचे आणि मळणीच्या दिवशी चाकावर पाणी सोडायचे. तिकडच्या अनेक शेतांवर अशी पाण्याची मळणीयंत्रे बसली.

आमच्याकडे मात्र खळ्यात तिवडा रोवला जाई. त्याभोवती बैलांची पात फिरे आणि बैलांमागे आमची माणसे. माझा आजा रात्रभर खळ्यावर राखणीला असे. आजी मातेरे झाडून, पाखडून त्यातले ज्वारीचे दाणे वेचून आणी. इतक्या राबणुकीचे मोल म्हणजे बलुत्याच्या काही पायल्या. तेही मालकाची मर्जी असेल तर.

कोणी म्हणेल, मराठवाड्यात बारमाही पाणी कुठे आहे? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. औरंगाबादही याच कोरड्या मुलखातले. तिथे नहरीचे पाणी खेळवले ते मलिक अंबरने. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेल्या माणसाने. म्हणजे पाणी दुरून आणण्याची विद्या या भूमीत होती. दर्ग्यासाठी, शहरासाठी ती वापरली गेली. खळ्यासाठी तिची गरज कुणाला भासली नाही.

का भासली नाही? फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक याने १९३५ साली पाणचक्कीच्या इतिहासावर निबंध लिहिला. पाणचक्की प्राचीन काळीच माहीत होती, पण युरोपात ती सर्वत्र पसरली मध्ययुगात. गुलामांचे हात मुबलक होते तोवर पाण्याला कामाला लावण्याची निकड नव्हती, हे त्याचे एक प्रमुख कारण तो देतो. आपल्या गावगाड्याला हे सूत्र लावून पाहावे. इथे श्रम विकत घ्यावे लागत नव्हते. ते जन्माने बांधलेले होते. ज्याच्या दारात वेठीचा माणूस उभा आहे, तो यंत्राचा विचार कशासाठी करील? जातीने आमचे माणूसपण नाकारले, तसे या देशाचे यंत्रही अडवून धरले.

पण यंत्र आले म्हणजे मुक्ती आली, असेही नाही. १८३० साली दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, कारण हिवाळ्यातले त्यांचे मुख्य काम त्या यंत्रांनी हिरावले होते. काहींना फाशी झाली, शेकडोंना ऑस्ट्रेलियाला हद्दपार केले गेले. आमच्याकडेही पुढे मळणीयंत्र आले. बैलांची पात गेली आणि तिच्याबरोबर खळ्यावरचे बलुतेही गेले. ते गेले याचे दुःख नाही. ते लाचारीचेच अन्न होते. पण त्याच्या जागी जमीन आली नाही, विहिरीतला वाटा आला नाही, यंत्राची मालकीही आली नाही. काम गेले, हाती काही उरले नाही आणि माणसे शहराच्या वाटेला लागली.

बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीजींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेताना हाच मुद्दा मांडला होता. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. ती बदलली पाहिजे. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, ही त्यांची भूमिका. आजीला ती फुरसत आयुष्यात मिळाली नाही.

म्हणून पाणचक्की दाखवायला विद्यार्थ्यांना नेतो तेव्हा मी तिच्या स्थापत्याचे कौतुक करून थांबत नाही. ती नहर कोणाच्या हातांनी खणली, हेही विचारतो. त्या हातांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. आणि शेवटी विचारतो, पाणी कोणाचे, चाक कोणाचे, पीठ कोणाचे? या तीन प्रश्नांची उत्तरे जोवर वेगवेगळी आहेत, तोवर आपले काम संपलेले नाही.