आवाजाचे नियमन : बुधवार पेठेच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक विवेचन

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्ली नावाची एक अरुंद गल्ली आहे. नाव तपकिरीचे असले तरी आज ती विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची पेठ म्हणून साऱ्या शहराला परिचित आहे. ध्वनिवर्धक, स्पीकर, वायरी, हेडफोन आणि मोबाइल फोनला लागणारी नाना तऱ्हेची उपकरणे येथे दाटीवाटीने मांडलेली असतात. या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर आणि बेलबाग चौक असून गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीचा महामार्ग तेथूनच लक्ष्मी रस्त्याला लागतो. आवाज वाढविण्याची साधने विकणारी गल्ली आणि वाढलेल्या आवाजाचा सर्वांत मोठा वार्षिक प्रसंग अशी दोन टोके एकाच पेठेत एकत्र आली आहेत. आवाज किती असावा आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा इतिहास तपासण्यास यामुळे हे स्थळ सोयीचे ठरते. या अधिकाराचे स्थान गेल्या दीडशे वर्षांत तीन-चार वेळा पालटले. त्या स्थित्यंतरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. कंठ आणि वाद्य

१७०३ साली औरंगजेबाच्या वेळी मुहियाबाद या नावाने वसलेली ही पेठ पुढे पेशवाईत शहराच्या मध्यभागी आली. जवळच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना होता. नगाऱ्याचा ध्वनी दूरवर जावा, हाच त्याचा हेतू असे. तथापि तो केव्हा व्हावा हे ठरलेले असे, आणि किती व्हावा याची मर्यादा कातड्यात व वाजविणाऱ्याच्या मनगटात होती. कीर्तनकार, शाहीर व वक्ता यांचीही स्थिती तीच. लोकमान्य टिळकांचे निधन १९२० साली झाले. त्यांची बहुतेक सर्व सार्वजनिक व्याख्याने ध्वनिवर्धकावाचून झाली, ही गोष्ट आजच्या वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला पद ऐकू जाणे, ही तेव्हा सर्वस्वी नटाच्या गळ्याची जबाबदारी होती.

या काळात आवाजाबद्दल वाद नव्हते असे नाही. १८९४ साली पुण्यात मिरवणुकीतील वाद्यांवरून संघर्ष झाला आणि कोणत्या ठिकाणी वाद्ये वाजवावीत व कोठे थांबवावीत हा राज्यकारभाराचा प्रश्न बनला. परंतु वादाचा विषय वाद्य वाजावे की नाही, आणि कोठे, एवढाच होता. आवाजाचे माप हा वादाचा विषय नव्हता, कारण मनुष्यबळानेच त्याला सीमा घातली होती.

२. ध्वनी आणि कळ

ध्वनिमुद्रिकेच्या आगमनाने पहिला पालट झाला. १९०२ साली कलकत्त्यास हिंदुस्थानातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे झाली आणि अल्पावधीतच मराठी गायकांचा आवाज तबकडीवर उतरला. मात्र चावीच्या ग्रामोफोनला आवाज कमीजास्त करण्याची कळच नव्हती. जाड सुई लावली म्हणजे आवाज मोठा निघे, बारीक सुई लावली म्हणजे लहान. त्याहूनही लहान हवा असेल तर कर्ण्यात कापडाचा बोळा कोंबावा, असा सरळ उपाय होता. आवाजाचे नियमन या वेळी प्रथमच गाणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे आले, पण ते अगदी ओबडधोबड स्वरूपाचे होते.

खरी क्रांती विद्युत् ध्वनिवर्धनाने घडविली. १९१५ च्या नाताळात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जेन्सन व प्रिडहॅम या तंत्रज्ञांनी प्रचंड जनसमुदायापुढे कर्ण्याचा ध्वनिक्षेपक चालवून दाखविला. १९२५ साली राइस व केलॉग यांनी चलवेटोळ्याच्या स्पीकरचे स्वरूप निश्चित केले आणि पुढील शतकभर तेच मूलतः कायम राहिले. या उपकरणांबरोबर आवाजाची कळ आली. कार्बनच्या वर्तुळाकार पट्टीवरून एक स्पर्शक फिरतो आणि त्याच्या जागेप्रमाणे विद्युत्प्रवाहास होणारा रोध बदलतो, इतकीच तिची रचना. तथापि तिच्यात एक सूक्ष्म युक्ती आहे. मनुष्याचा कान ध्वनीतील वाढ बेरजेने मोजत नाही, गुणाकाराने मोजतो. म्हणून पट्टीवरील रोधही समप्रमाणात न वाढविता कानाच्या या स्वभावास जुळेल असा वाढवावा लागतो. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत १९२० च्या दशकात रूढ झालेले डेसिबल हे एकक याच तत्त्वावर आधारलेले आहे. दहा डेसिबलांची वाढ म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दसपट वाढ होय, पण कानाला ती साधारण दुप्पट इतकीच वाटते. कानाची ही फसगत पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्यास आकाशवाणीचे. त्या काळात वाड्यातील एक रेडिओ सबंध चौकास पुरत असे. तो कोणी लावावा, किती मोठा लावावा आणि केव्हा बंद करावा हे घरातील वडीलमाणूस ठरवी. शेजारच्याने भिंतीपलीकडून हाक मारली की कान पिरगाळल्याप्रमाणे कळ मागे फिरे. कळ एकाची, कान अनेकांचे आणि मर्यादा लोकलाजेची, अशी ही व्यवस्था होती.

३. कायद्याचा प्रवेश

मांडवातील ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत मात्र लोकलाज पुरेशी ठरली नाही. मुंबई पोलीस कायदा, १९५१ याच्या ३८ व्या कलमाने उपद्रवकारक वाद्य, संगीत वा गोंगाट थांबविण्याचा अधिकार पोलिसांस दिला. येथेही किती आवाज म्हणजे उपद्रव, याचा निर्णय अधिकाऱ्याच्या कानावर सोपविलेला होता. आकड्यांची मर्यादा पुष्कळ उशिरा आली. केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल अशी माने ठरली. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतीचे शंभर मीटरांचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून राखण्याची तरतूद झाली. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई झाली. सणांसाठी वर्षातून पंधरापेक्षा अधिक नाही इतक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्य शासनास मागाहून मिळाली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर विस्तृत निर्णय दिला. आपल्या इच्छेविरुद्ध ऐकावयास लावण्याचा हक्क कोणालाही नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होय. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकाचा वापर हा मूलभूत हक्क नसल्याचे स्पष्ट केले.

नियमांचे पालन कितपत झाले, हे बेलबाग चौकात उभे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरील चौकाचौकांत ध्वनीची मोजणी करीत आले आहेत. कित्येक वर्षी ती शंभर डेसिबलांच्या पलीकडे गेलेली आढळली. २०२० व २०२१ या महामारीच्या वर्षी मिरवणूक निघाली नाही, तेव्हा याच चौकांतील आकडे एकदम खाली आले. उपद्रवाचे मूळ कळीत आहे, हे याहून अधिक स्पष्टपणे सिद्ध होणे कठीण.

या कायद्याच्या रचनेतील एक गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तो आवाज मोजतो तो सीमेवर. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मानापेक्षा दहा डेसिबलांनी अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून वाढू नये, आणि खाजगी जागेच्या सीमेवर पाच डेसिबलांहून अधिक वाढ होऊ नये, असे तो सांगतो. ऐकणारा सीमेबाहेर आहे, हे त्यात गृहीत आहे.

४. कानाशी आलेला ध्वनी

हेडफोनने हे गृहीतच नाहीसे केले. १९१० च्या सुमारास नॅथॅनिएल बाल्डविन या अमेरिकन तंत्रज्ञाने आरमाराच्या उपयोगासाठी तयार केलेले हे साधन १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीचा वॉकमन बाजारात आला तेव्हा सर्वसामान्यांच्या कानी बसले. त्या पहिल्या यंत्रावर दोघांना ऐकण्यासाठी दोन जोडण्या होत्या. इतकेच नव्हे, तर संगीत मंद करून एकमेकांशी बोलता यावे यासाठी एक वेगळे बटणही होते. एकट्याने ऐकणे हे असभ्यपणाचे ठरेल की काय, अशी शंका निर्मात्यांना वाटत असावी. ती फार दिवस टिकली नाही.

स्मार्टफोनने यात आणखी भर घातली. एकच यंत्र कधी कानाशी, कधी खोलीतील स्पीकरशी तर कधी मोटारीतील स्टिरिओशी जोडले जाऊ लागले, आणि एकाच ध्वनीवर दोन कळी आल्या, एक फोनची आणि दुसरी मोटारीची. वायरीने जोडताना जाणकाराची रीत अशी की, फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण वाढवावा आणि पुढचे नियमन मोटारीच्या कळीने करावे. फोन मंद ठेवून मोटारीची कळ वाढविली तर संगीताबरोबर वायरीतील खरखरही तितकीच वाढते. पण पूर्ण आवाजावर ठेवलेला तोच फोन उतरल्यावर इअरफोनला जोडला तर तो कानावर घाव घालतो. म्हणून आजचे फोन प्रत्येक जोडणीसाठी आवाजाची पातळी निराळी लक्षात ठेवतात. ब्लूटूथने जोडल्यास पुष्कळ यंत्रांत दोन्ही कळी एकत्र बांधल्या जातात आणि एक फिरविली की दुसरीही फिरते.

याच टप्प्यावर नियमनाचा अधिकार यंत्राकडे जाऊ लागला. फ्रान्सने १९९६ साली खिशातील संगीतयंत्रांना १०० डेसिबलांची कमाल मर्यादा घातली. २००९ साली युरोपीय आयोगाने सर्व युरोपासाठी मापदंडाची मागणी केली. त्यातून निघालेल्या नियमानुसार ८५ डेसिबलांच्या पलीकडे जाताना यंत्राने इशारा द्यावा, आणि अशा श्रवणाचे वीस तास भरले की तो पुन्हा द्यावा, असे ठरले. २०१८-१९ साली जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी सुरक्षित श्रवणाचा मापदंड प्रसिद्ध केला. त्यात प्रौढांसाठी आठवड्यास ८० डेसिबल व चाळीस तास हे मान धरले असून, दर तीन डेसिबलांच्या वाढीस ऊर्जा दुप्पट होत असल्याने अवधी निम्मा करावयाचा आहे. म्हणजे ८३ ला वीस तास, ८६ ला दहा तास, ८९ ला पाच तास. ९२ डेसिबलांवर आठवड्याचा सारा वाटा अडीच तासांत संपतो. रस्त्याच्या गोंगाटावर मात करण्यासाठी एक-दोन घरे आवाज वाढविणाऱ्यास आपण अवधी निम्मा केला, हे कळतही नाही. कानाच्या ज्या फसगतीचा वर उल्लेख केला, तिचे हे मोल होय.

परंतु यंत्राच्या या दक्षतेत एक मूलभूत उणीव आहे. वायर खोचली गेली इतके फोनला कळते. तिच्या दुसऱ्या टोकाला कान आहे की मोटार, हे त्याला कळत नाही. त्यामुळे मोटारीला जोडलेल्या फोनवरही कानाच्या हिताचा इशारा उमटतो, आवाज मध्येच अडतो आणि वैतागलेला चालक तो इशारा कायमचा बाजूस सारण्याच्या खटपटीस लागतो. नेमक्या स्थानी नसलेले बंधन बंधनाविषयीचा आदरच कमी करते, हा कायद्याच्या इतिहासातील अनुभव येथेही येतो. यावर आता असा उपाय योजला आहे की, ब्लूटूथने जोडलेले साधन मोटार, हेडफोन, स्पीकर की श्रवणयंत्र आहे, याची नोंद वापरणाऱ्यानेच फोनवर करावी. म्हणजे सारे नियमन अखेरीस ऐकणाऱ्याच्या साक्षीवर येऊन ठेपले.

५. समारोप

कंठाच्या काळात आवाजाची सीमा निसर्गाने घातली, रेडिओच्या काळात शेजाराने, ध्वनिक्षेपकाच्या काळात कायद्याने आणि फोनच्या काळात ती यंत्रातील आज्ञावलीकडे सोपविली गेली. यांपैकी प्रत्येक व्यवस्था आधीची अपुरी पडली म्हणून आली. तथापि नव्या व्यवस्थेने जुनीचे काम पूर्णपणे उचलले, असे मात्र म्हणता येत नाही. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या स्पीकरविरुद्ध तक्रार करणारा नागरिक कायद्याचा आधार घेऊ शकतो, कारण तेथे पीडा करणारा एक व पीडित दुसरा असतो. इअरफोन लावून बेलबाग चौकातून जाणाऱ्या तरुणाच्या ठायी हे दोघे एकच झालेले असतात. त्याचा आवाज कोणत्याही सीमेपर्यंत पोहोचत नाही, शेजारी भिंतीवर थाप मारीत नाही आणि पोलिसाला काही ऐकू येत नाही.

प्रत्येक कानाच्या शंखाकृती भागात जन्मतः पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. माणसात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. ही हानी वेदनारहित आणि संथ असते. सायंकाळी गणपतीची आरती नीट ऐकू येत नाही, असे ज्या दिवशी ध्यानात येते त्याच्या कित्येक वर्षे आधी ती घडून गेलेली असते. तपकीर गल्लीत हेडफोन विकत घेणाऱ्याच्या हाती दुकानदार केवळ एक वस्तू ठेवीत नाही. नगारखाना, वडीलमाणूस, शेजार व पोलीस यांच्याकडे एके काळी असलेला अधिकारही तो त्याच्या हाती देतो. त्या अधिकाराबरोबर येणारी जबाबदारी घेणाऱ्याला समजावून सांगण्याची सोय मात्र आपल्या समाजाने अद्याप केलेली नाही.