नेमसर्व्हरचे दोन रकाने : डोमेन नामप्रणालीच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना :

आभासी खाजगी सर्व्हर (व्हीपीएस) मागविताना ग्राहकास जो अर्ज भरावा लागतो, त्यात यंत्राचे नाव व पासवर्ड यांबरोबरच पुष्कळदा पहिला आणि दुसरा नेमसर्व्हर असे दोन रकाने असतात. अनेकांना त्यांचे प्रयोजन उमगत नाही. एनएस१, एनएस२ असे लिहून ते पुढे जातात. वस्तुतः हे रकाने म्हणजे १९८३ साली मांडल्या गेलेल्या एका रचनेचे अवशेष होत. प्रस्तुत लेखात त्या रचनेची पार्श्वभूमी आणि तिचा आजच्या ग्राहकाशी असलेला संबंध तपासला आहे.

एका यादीचा कारभार :

आर्पानेटवरील संगणकांची नावे व अंकी पत्ते होस्ट्स.टीएक्सटी या एकाच फाईलमध्ये नोंदविलेले असत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एसआरआय संस्थेचे नेटवर्क माहिती केंद्र ही फाईल सांभाळीत असे. एलिझाबेथ फाइन्लर या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवा संगणक जोडावयाचा तर केंद्रास कळवावयाचे, केंद्राने यादीत भर घालावयाची आणि इतरांनी ती उतरवून घ्यावयाची, अशी रीत होती. एका तलाठ्याच्या दप्तरावर साऱ्या जिल्ह्याचा कारभार चालावा, तसाच हा प्रकार. मे १९८२ मध्ये नेटवर्कवर २३५ संगणक होते, तोवर हे निभले. परंतु संगणक वाढले की यादी लांबते आणि ती उतरवून घेणारेही वाढतात. म्हणजे वाटपाचा भार संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. डिसेंबर १९८७ मध्ये हीच संख्या २८,१७४ झाली होती.

अधिकाराचे वाटप :

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ व ८८३ या टिपणांतून वेगळा मार्ग मांडला. १९८७ च्या आरएफसी १०३४ व १०३५ यांनी त्यांची जागा घेतली आणि प्रणालीचा पाया अद्यापही तोच आहे. यादी वाटण्याऐवजी अधिकार वाटावा, हे त्यातील मर्म. वरच्या पातळीने खालच्या नावांचा सर्व तपशील बाळगावयाचा नाही. तो कोणाकडे मिळेल एवढेच सांगावयाचे. हा ‘कोण’ म्हणजेच नेमसर्व्हर. भारताचे .इन हे क्षेत्र १९८९ साली याच रीतीने सोपविले गेले. त्याची व्यवस्था पूर्वी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. २००५ पासून ती निक्सी पाहते.

रकाने दोनच का, याचे उत्तरही तेथेच सापडते. एक यंत्र बंद पडले तरी नाव हरवू नये म्हणून प्रत्येक क्षेत्रास किमान दोन नेमसर्व्हर असावेत, अशी अपेक्षा १९८७ च्या दस्तऐवजात आहे. १९९७ च्या आरएफसी २१८२ ने ती अधिक स्पष्ट केली : ही यंत्रे भौगोलिकदृष्ट्या आणि नेटवर्कच्या दृष्टीनेही एकमेकांपासून दूर असावीत. या सूचनेचे मोल जानेवारी २००१ मध्ये दिसून आले. मायक्रोसॉफ्टचे चारही नेमसर्व्हर नेटवर्कच्या एकाच भागात होते. एका राऊटरच्या मांडणीत चूक झाली आणि कंपनीची प्रमुख संकेतस्थळे बराच काळ दिसेनाशी झाली. संकेतस्थळांची यंत्रे चालूच होती. त्यांचा पत्ता सांगणारे कोणी उरले नव्हते.

व्हीपीएसच्या ग्राहकापुढील प्रश्न :

नेमसर्व्हर हा शब्द येथे निरनिराळ्या अर्थांनी येतो आणि गोंधळाचे मूळ त्यात आहे. व्हीपीएसच्या आत नोंदविलेला नेमसर्व्हर हा त्या यंत्राला इतरांचे पत्ते शोधून देतो. त्याचा ग्राहकाच्या स्वतःच्या नावाशी संबंध नसतो. अर्जातील रकाने मात्र ग्राहकाच्या डोमेनविषयी जगाला उत्तरे देणाऱ्या यंत्रांचे असतात. तेथे काही लिहिले म्हणून जगाला ते कळत नाही. डोमेन ज्या रजिस्ट्रारकडे नोंदविले आहे, त्याच्याकडे बदल केला तरच वरची पातळी नवा ‘कोण’ सांगू लागते.

स्वतःच्या नावाचा नेमसर्व्हर हवा असल्यास आणखी एक पेच उद्भवतो. समजा, नमुना.भारत या नावाचा नेमसर्व्हर एनएस१.नमुना.भारत असा ठेवला, तर त्याचा पत्ता त्यालाच विचारावा लागेल आणि शोध फिरून तेथेच येईल. म्हणून वरच्या पातळीवर त्याचा अंकी पत्ताही नोंदवितात. यास ग्लू रेकॉर्ड म्हणतात. तो न नोंदविता रकाने भरले, तर अर्ज स्वीकारला जातो, पैसे भरले जातात, आणि नाव मात्र सापडत नाही.

एकाच व्हीपीएसला दोन अंकी पत्ते देऊन एनएस१ व एनएस२ दोन्ही त्यावरच ठेवण्याची प्रथाही आढळते. यात नियमाचे अक्षर पाळले जाते, हेतू नव्हे. यंत्र बंद पडताच संकेतस्थळ तर जातेच. पण ईमेल दुसरीकडे असली तरी तिचाही मार्ग खुंटतो, कारण ती कोठे आहे हे सांगणारेही त्याच यंत्रावर असतात. ज्याच्याकडे एकच व्हीपीएस आहे, त्याने नेमसर्व्हर रजिस्ट्रारकडे अथवा सेवादात्याच्या स्वतंत्र यंत्रांवर राहू द्यावेत आणि तेथे केवळ ए रेकॉर्डमध्ये व्हीपीएसचा पत्ता लिहावा, हे अधिक श्रेयस्कर. त्यासाठी अर्जात सेवादात्याने दिलेली नावे लिहिली तरी पुरते.